काका, इथेही विकूनच खाल्लंय

परवा मावशी आणि काकांना घेऊन मिशिगन सिटीला गेलो होतो. शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे गाव वेगळं सांगायला नको. भारतातून कोणीही आलं, की परतीच्या बॅगा भरायच्या आधी इथल्या आउटलेट मॉलची एक फेरी ठरलेली असते. तासाभराची ड्राइव्ह, डब्यात ठेपले, आणि येताना गाडीची डिकी बुटांच्या खोक्यांनी भरलेली. मॉलचं नाव 'लाइटहाउस प्लेस'. दोन तास खरेदी झाल्यावर मावशीने साहजिक प्रश्न विचारला, "अरे, सगळीकडे लाइटहाउस लाइटहाउस लिहिलंय, पण ते आहे कुठे?" म्हणून गाडी तळ्याकडे वळवली.

तळं म्हणायचं आपलं. लेक मिशिगन जवळजवळ ५०० किलोमीटर लांब आहे आणि त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचव्या भागाच्या आसपास भरतं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वादळं होतात, जहाजं बुडतात. फक्त पाणी गोडं आणि भरती-ओहोटी नावापुरती. काका दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "याला तळं म्हणतात होय?"

धक्क्याच्या टोकाला दीपस्तंभ दिसला. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, आणि किनाऱ्यापासून तिथपर्यंत लोखंडी पायांवर उभा केलेला एक अरुंद उंच पूल. इथे त्याला कॅटवॉक म्हणतात. मावशी खूश. काकांनी कॅमेरा काढला. ओढ्याच्या पलीकडे, पश्चिमेला, वीज केंद्राचा तो अगडबंब कूलिंग टॉवर आहे. तो फोटोत येऊ नये म्हणून काका चार पावलं सरकले, मान वाकडी केली आणि फोटो घेतला. मग ते वाक्य आलंच.

"बघ, या लोकांनी कसं जपलंय! आपल्याकडे असतं तर कधीच विकून खाल्लं असतं."

मी काही बोललो नाही. वडीलधाऱ्या माणसाशी, तेही पाहुण्याशी, तळ्याकाठी उभं राहून हुज्जत घालणं बरं दिसत नाही. पण परत येताना सगळा रस्ता ते वाक्य डोक्यात घोळत होतं. कारण काकांनी ज्याच्याकडे पाठ करून फोटो काढला, तिथे एकेकाळी जवळपास २०० फूट उंचीची वाळूची टेकडी होती. ती विकून खाल्ली. वाघिणी भरभरून, तीसेक वर्षं. तेव्हा काका, तुम्हाला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

सुरुवात बंदरापासून करू. इंडियाना हे राज्य १८१६ साली झालं तेव्हा त्याची उत्तरेची सीमा मुद्दाम दहा मैल वर सरकवली. का, तर राज्याला या तळ्याचा थोडा तरी काठ मिळावा. मिळाला तो सुमारे ४५ मैलांचा. काठ मिळाला पण बंदर नव्हतं. सगळा वाळूचा पट्टा. मग आयझॅक एल्स्टन नावाच्या, जमिनीचा व्यापार करणाऱ्या गृहस्थाने १८३० च्या सुमारास ट्रेल क्रीक या ओढ्याच्या मुखाशी जमीन घेतली आणि कागदावर शहर आखलं. दक्षिणेच्या ओहायो नदीपासून या ओढ्यापर्यंत येणारा एक सरकारी रस्ताही ठरला, मिशिगन रोड. त्या रस्त्यासाठी लागणारी जमीन पोटावाटोमी लोकांकडून १८२६ च्या तहात काढून घेतली होती. ज्यांच्या जमिनीवरून रस्ता गेला, त्यांच्यापैकी अनेकांना १८३८ साली बंदुकीच्या धाकाने कॅन्ससकडे हाकललं. वाटेत चाळीसहून अधिक माणसं मेली, त्यात बहुतेक लहान मुलं. बंदराच्या इतिहासाचं पहिलं पान हे आहे.

आता ओढ्याचं मुख म्हणजे काय? उथळ पाणी आणि त्याच्या तोंडाशी वाळूचा बांध. लाटा किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरक्या येतात. त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सतत सरकत असते. ओढ्याचा प्रवाह बिचारा त्या वाळूपुढे थकतो आणि तोंड बुजतं. यावर उपाय एकच. ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी तळ्यात लांबवर धक्के बांधायचे, म्हणजे मधली वाट मोकळी राहते, आणि तरीही साचलेला गाळ उपसत राहायचं. अमेरिकन काँग्रेसने १८३६ साली या कामाला पहिल्यांदा पैसे दिले. पहिला दीपस्तंभ १८३७ साली उभा राहिला. म्हणजे बंदर धड तयार होण्याआधीच दिवा लागला होता! लाडू वळायच्या आधीच पाहुण्यांना आमंत्रण.

या गावाची स्वप्नं काही लहानसहान नव्हती. आपण शिकागोला मागे टाकू असं त्यांना वाटत होतं, आणि १८३० च्या दशकात तसं वाटणं वेडेपणाचं नव्हतं. दोन्ही गावं चिखल आणि वाळूतच उभी होती. पण शिकागोच्या बंदराला सरकारी पैसा १८३३ सालीच मिळाला, १८४८ साली तिथला कालवा सुरू झाला, आणि मग रेल्वेचं जाळं त्याच गावाभोवती विणलं गेलं. मिशिगन सिटी मागे पडली. लाकडाचा व्यापार, रेल्वेचे डबे बनवायचा मोठा कारखाना, आणि सहलीला येणारे लोक, यावर गाव जगलं. तो डब्यांचा कारखाना हॅस्केल अँड बार्कर कंपनीचा. १८५० च्या दशकात सुरू झाला, १९२२ साली पुलमन कंपनीत गेला आणि १९७० च्या सुमारास बंद पडला. त्या कारखान्याच्या जागेवर आज काय आहे माहिती आहे? लाइटहाउस प्लेस. मावशीने जिथे बूट घेतले तो मॉल. शेकडो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जिथे मालगाड्यांचे डबे जोडले, त्या जागेला नाव दिलं ते बऱ्याच अंतरावरच्या दीपस्तंभाचं. कारखान्याचं नाव दिलं असतं तर कदाचित बूट खपले नसते.

तर मुद्दा हा, की दीपस्तंभ जपला म्हणजे इतिहास जपला असं होत नाही. पुष्कळदा इतिहास झाकायला दीपस्तंभ फार सोयीचा पडतो.

दीपस्तंभाचंच बघा. १८५८ साली इथे नवा दीपस्तंभ बांधला. खरं तर ते घरच होतं, दिवा छपरावर. त्यात फ्रेनेल पद्धतीचं भिंग होतं. काचेच्या लोलकांची कडी एकावर एक अशी रचलेली, की एका लहानशा तेलाच्या ज्योतीचा इकडेतिकडे पसरणारा उजेड गोळा होऊन आडवा लांबवर जावा. या घरात १८६१ साली हॅरिएट कोलफॅक्स राहायला आल्या. वय ३७. आधी भावाच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलेलं, संगीताच्या शिकवण्या घेतलेल्या. पगार वर्षाला ३५० डॉलर. त्यांचा चुलतभाऊ स्कायलर कोलफॅक्स तेव्हा काँग्रेसमध्ये होता, पुढे देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे नोकरी वशिल्याने लागली, यात शंका नको. पण वशिल्याने लागलेली नोकरी ४३ वर्षं कोणी अशी केली असेल तर मला त्याचं नाव सांगा. १९०४ साली निवृत्त झाल्या तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या.

या बाईंबद्दल जे जे वाचाल त्यात 'शूर', 'एकनिष्ठ', 'तळ्याची राखणदार' असे शब्द असतात. वाचायला छान वाटतं. पण काम काय होतं ते बघा. १८७० च्या दशकात धक्क्याच्या टोकावर आणखी एक दिवा बसवला. सुमारे १५०० फूट लांबीची ती वाट. रोज संध्याकाळी तेल घेऊन जायचं, दिवा लावायचा, परत यायचं. काही वर्षं तो दिवा पलीकडच्या, पश्चिमेच्या धक्क्यावर होता, तेव्हा आधी होडीने ओढा ओलांडायचा. तेल डुकराच्या चरबीचं. थंडीत ते गोठायचं. म्हणून घरी चुलीवर गरम करायचं आणि ते पुन्हा गोठायच्या आत वाऱ्यापावसातून दिव्यापर्यंत पोचवायचं. नोव्हेंबरची वादळं म्हणजे लाटा धक्क्यावरून पलीकडे. लाटांपासून वाचण्यासाठी जो उंच पूल बांधला होता, त्याचेही तुकडे वादळात वाहून जायचे. एकदा तर धक्क्यावरचा दिवाच वादळाने नेला. रात्रभर काजळी पुसायची, वात कापायची, सकाळी भिंग लख्ख करायचं, आणि मग हवामान आणि जहाजांची नोंदवहीत नोंद. त्या नोंदी आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता यात शौर्य आहेच. पण शौर्य म्हटलं की पगाराचा प्रश्न मिटतो, हे आपल्याला घरातल्या बायकांच्या कामावरून चांगलं ठाऊक आहे. 'अन्नपूर्णा' म्हटलं की स्वयंपाकघरात पंखा बसवायला नको. कोलफॅक्सबाई गेल्यानंतर काय झालं बघा. १९०४ साली धक्क्याच्या टोकावर आजचा दीपस्तंभ झाला, त्यात वाफेवरचा भोंगा आला, आणि राखणदाराला मदतनीस दिले. त्यांना राहता यावं म्हणून जुनं घर वाढवलं. भोंग्याचा बॉयलर तापवायचं काम नवीन होतं, हे मान्य. तरी कामाला किती हात लागतात हे सरकारला नेमकं त्या म्हाताऱ्या बाई गेल्यावर कळावं, हे काही मला योगायोगासारखं वाटत नाही. आणि त्या स्वतः? १९०५ च्या एप्रिलमध्ये गेल्या. नोकरी सुटल्यावर जेमतेम सहा महिने.

आता वळू त्या टेकडीकडे, जिला पाठ करून काका उभे होते.

तिचं नाव हुजियर स्लाइड. हुजियर म्हणजे इंडियानाचा माणूस. ट्रेल क्रीकच्या पश्चिमेला, बंदराच्या अगदी तोंडाशी, ही वाळूची टेकडी उभी होती. जहाजातून येणाऱ्याला गावाची पहिली खूण तीच. शिकागोहून आगबोटी भरून, आगगाड्या भरून लोक यायचे, धापा टाकत वर चढायचे आणि घसरत खाली यायचे. पोस्टकार्डं छापली जायची. तेव्हा 'मिशिगन सिटीला काय बघायचं?' या प्रश्नाचं उत्तर दीपस्तंभ नव्हतं, ही टेकडी होती.

आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ही वाळू काचेला चांगली आहे. १८९० च्या दशकात उपसा सुरू झाला. वाळू उपसा हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको! माणसं फावड्याने ढकलगाड्या भरायची, ढकलगाड्या रेल्वेच्या वाघिणींत रिकाम्या व्हायच्या. मन्सी गावच्या बॉल ब्रदर्सनी या वाळूच्या बरण्या केल्या. इकडे घरोघर उन्हाळ्यात फळं आणि भाज्या टिकवून ठेवायच्या त्या बरण्या. जुन्या बाजारात आजही निळसर काचेची बॉलची बरणी मिळते, आणि तो निळा रंग या तळ्याकाठच्या वाळूमुळे आला असं सांगतात. तीसेक वर्षांत सुमारे १ कोटी ३५ लाख टन वाळू गेली असा आकडा गावच्या इतिहासात नेहमी दिला जातो. १९२० च्या सुमारास टेकडी संपली. उंचवटासुद्धा उरला नाही. मग ती सपाट जागा वीज कंपनीने घेतली आणि तिथे केंद्र उभं राहिलं. काकांनी मान वाकडी करून चुकवलं ते हेच.

तेव्हा काका, हे लोक जपतात आणि आपण विकतो असं काही नाही. एकाच बंदराच्या तोंडाशी दोन गोष्टी समोरासमोर होत्या. दोन्ही सुंदर, दोन्ही लोकांच्या लाडक्या. एक जपली, एक विकली. असं का? माझं उत्तर कडू आहे. दीपस्तंभ १९३३ साली विजेवर गेला, १९६० साली आपोआप चालू लागला, राखणदाराची गरज संपली. त्याच्यातून कमवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो वारसा झाला. वाळूला गिऱ्हाईक होतं, म्हणून ती माल झाली. आपण ज्याला वारसा म्हणतो ती बहुतेक वेळा गिऱ्हाईक न उरलेली वस्तू असते. सौंदर्याने काहीच वाचत नाही. सौंदर्याने वाचत असतं तर टेकडी आधी वाचली असती.

यावर कोणी म्हणेल, "अहो, तेव्हाच्या लोकांना पर्यावरण वगैरे कुठे ठाऊक होतं? आजच्या चष्म्याने कशाला बघता?" हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही, कारण तो खरा नाही. शिकागो विद्यापीठातले हेन्री काउल्स १८९९ साली याच टेकड्यांवर अभ्यास करून लिहीत होते, आणि वाळूवर वनस्पती कशी टप्प्याटप्प्याने वसते यावरचं त्यांचं काम वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही शिकवलं जातं. १९१६ साली या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून शिकागोत अधिकृत सुनावणी झाली. म्हणजे हुजियर स्लाइडच्या शेवटच्या वाघिणी भरल्या जात होत्या तेव्हा, या टेकड्या वाचवा असं सांगणारी माणसं तासाभराच्या अंतरावर बसून साक्षी देत होती. ठाऊक होतं. ऐकायचं नव्हतं. पुढे १९६६ साली उद्यानाला कायद्याने मान्यता मिळाली तीसुद्धा शेजारी पोलाद कारखान्यांसाठी नवं बंदर करू देण्याच्या तडजोडीवर. आणि 'राष्ट्रीय उद्यान' हे पूर्ण नाव मिळायला २०१९ उजाडावं लागलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "बंदर होतं म्हणून गाव जगलं, माणसं जगली. धक्के नसते तर जहाजं बुडाली असती. बरण्यांत लोकांनी हिवाळ्यासाठी अन्न साठवलं. तुमच्या टेकडीवर कोणाचं पोट भरलं असतं?" बरोबर आहे. बंदर नको होतं असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की बिल बघा, आणि ते कोणाच्या नावावर फाडलंय ते बघा.

बिलातली पहिली रक्कम अजून चालू आहे. ते धक्के आठवतात ना? किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकणारी वाळू पूर्वेच्या धक्क्याला अडते. म्हणून पूर्वेला वॉशिंग्टन पार्कची रुंद, छान पुळण तयार झाली, जिथे आम्ही ठेपले खाल्ले. आणि पश्चिमेला जी वाळू पोचायला हवी ती पोचत नाही. तिकडचा काठ उपाशी राहिला. वीज केंद्राच्या पलीकडे माउंट बाल्डी नावाची टेकडी आहे, तिच्या पायथ्याची पुळण लाटा खात आल्या आहेत. १९७० च्या दशकापासून तिथे अधूनमधून बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. सरकारी खर्चाने. बंदराच्या एका बाजूला वाळू साचते, दुसऱ्या बाजूला विकत आणावी लागते, आणि मधल्या टेकडीच्या बरण्या झाल्या. हे वाक्य मी रचलेलं नाही, भूगोलानेच रचलंय.

दुसरी रक्कम माणसांची आहे. २४ जुलै १९१५. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची वार्षिक सहल मिशिगन सिटीला निघायची होती. ईस्टलँड नावाच्या आगबोटीवर अडीच हजारांहून जास्त माणसं चढली. नवे कपडे, लहान मुलं, जेवणाच्या टोपल्या. बोट शिकागो नदीत धक्क्याला बांधलेलीच होती. तिथेच ती कुशीवर उलटली. ८४४ माणसं गेली, काठापासून काही फुटांवर. बोट आधीपासूनच अस्थिर म्हणून बदनाम होती. त्यात टायटॅनिकनंतर आलेल्या नियमांमुळे वरच्या बाजूला जीवरक्षक होड्यांचं ओझं वाढलं होतं. खटले झाले, वर्षानुवर्षं चालले, शिक्षा कोणालाही झाली नाही. बोट मात्र पाण्यातून काढून नौदलाने प्रशिक्षणासाठी वापरली! ही माणसं याच बंदरात उतरणार होती. याच पुळणीवर ठेपले नाही तर सँडविच खाणार होती. मिशिगन सिटीच्या वाटेवरचा हा सगळ्यात मोठा अपघात, आणि त्यात दीपस्तंभाचा काही उपयोग नव्हता. दीपस्तंभ वाट दाखवतो. बोटीत किती माणसं कोंबायची हा हिशेब तो दाखवत नाही.

म्हणून माझा राग दीपस्तंभावर नाही, दीपस्तंभाच्या पोस्टकार्डावर आहे. मॉलच्या नावात तो, मग, टोप्या, फ्रिजवर चिकटवायचे चुंबक, सगळीकडे तो. इतका लाडका की त्याच्या आजूबाजूचं काही दिसूच नये.

पण या गावाने एक गोष्ट फार शहाणपणाची केली आहे, ती सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. १९८० च्या दशकात तटरक्षक दल तो उंच पूल, तो कॅटवॉक, काढून टाकायच्या विचारात होतं. दिवा आपोआप चालतो, मग त्या गंजक्या पुलाचं काय काम? हिशेबाने बरोबर. पण गावकरी भांडले. पूल राहिला. १९८८ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली तिच्या नावातच दीपस्तंभ आणि उंच पूल, दोन्ही आहेत. पुढे २००७ साली दीपस्तंभ शहराच्या मालकीचा झाला. जुन्या १८५८ च्या घरात गावच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय १९७३ पासून आहे, ते जुनं भिंगही तिथे आहे.

मला विचाराल तर त्या बंदरातली सगळ्यात खरी वस्तू तो पूलच. दीपस्तंभ बघून फक्त 'सुंदर' म्हणता येतं. पूल बघितला की विचारावंच लागतं, 'हा कशाला?' आणि उत्तर येतं, 'इथून रोज माणूस जायचा. लाटा खालून जायच्या, तो वरून. कारण कोणाचं तरी जहाज त्या रात्री येणार होतं.' त्या पुलामुळे ती इमारत एकदम कोणाच्या तरी कामाची जागा होते. लोकांनी नेमका तोच वाचवला, हे बघून मला फार बरं वाटतं. म्हणजे लोकांना कळतं. फक्त विचारलं पाहिजे.

आणि आता पुन्हा विचारायची वेळ आली आहे. ते वीज केंद्र कोळशावरचं. कोळशाचे दिवस भरत आलेत, कंपनीने ते बंद करायचं जाहीर केलं आहे. अनेक दशकं जाळलेल्या कोळशाची राख त्या आवारात, तळ्याच्या काठालगतच्या भरावात आहे आणि पुढे पोलादी पत्र्यांची भिंत. ही राख तिथेच राहू द्यायची की पूर्ण काढायची, यावर नागरिक आणि कंपनी यांचा वाद बरीच वर्षं चालू आहे. म्हणजे हुजियर स्लाइडच्या जागेचा निर्णय दुसऱ्यांदा व्हायचा आहे. पहिल्यांदा तिथून वाळू नेली आणि बदल्यात राख ठेवली. या तळ्याचं पाणी लाखो लोक पितात, आम्हीही पितो. दुसऱ्यांदा हा निर्णय होताना गाव दीपस्तंभाचे चुंबक विकत बसलं, तर शंभर वर्षांनी कोणीतरी पुन्हा म्हणेल, 'तेव्हाच्या लोकांना कुठे ठाऊक होतं?' ठाऊक आहे. लिहून ठेवतो, आम्हाला ठाऊक आहे.

कोळशाचा धूर थांबला की तो कूलिंग टॉवर पाडतील की ठेवतील, मला सांगता येत नाही. मी तर म्हणेन ठेवा. त्याच्या पायाशी एक पाटी लावा. इथे २०० फुटांची टेकडी होती, तिची वाळू कुठे गेली, तिच्या जागी काय आलं. आणि दीपस्तंभाच्या पाटीवर कोलफॅक्सबाईंच्या नावाखाली 'शूर' लिहायच्या आधी 'वर्षाला ३५० डॉलर' लिहा. वाचणाऱ्याला शूर कोण ते आपोआप कळेल.

काका पुढच्या आठवड्यात परत जातायत. दीपस्तंभाचा फोटो त्यांनी पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवून झालाय, खाली 'यांच्याकडून शिकावं' असं लिहून. शिकावं हे खरंच. जायच्या आधी एकदा पुन्हा तिकडे नेईन म्हणतो. या वेळी त्यांना चार पावलं उलटी सरकायला सांगणार आहे. दीपस्तंभ, पूल आणि तो टॉवर, तिन्ही एका फोटोत येतील इतकी.